खांद्यावरचे राजपुत्र

पोखर्णीच्या नृसिंहाला हात जोडणाऱ्या माणसाला शान लोकांचा किन्नरी नाच समजावून सांगायला फार वेळ लागू नये. अर्धं माणूस, अर्धं पाखरू! वेताबांबूच्या सांगाड्यावर कापड ताणून पंख आणि शेपटी करतात, ती अंगाला बांधतात. दोऱ्या ओढल्या की पिसारा फुलतो, सैल सोडल्या की मिटतो. लांबुळका ढोल आणि झांजा वाजत असतात. शेजारीच तोनाया नावाचं केसाळ जनावर उड्या मारतं. त्याच्या पोटात दोन माणसं, एक पुढचे पाय, एक मागचे. आश्विन पौर्णिमेला भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपतो तेव्हाचा हा सोहळा. बुद्ध स्वर्गात आईला धम्म सांगून परतले, तेव्हा रानातले सगळे जीव आनंदाने नाचले, अशी त्यामागची कथा.

शान म्हणजे पूर्व म्यानमारच्या डोंगरातले ताई लोक, आसामच्या आहोमांचे भाऊबंद. त्यांची तीसहून अधिक संस्थानं होती. राजाला म्हणत साओफा, आकाशाचा धनी. त्यातल्या सीपॉ संस्थानाला ब्रह्मी लोक थिबॉ म्हणतात. रत्नागिरीत 1916 साली वारलेल्या ब्रह्मदेशच्या थिबा राजाला नाव मिळालं ते तिथूनच. केंगतुंगचा साओफा 1903 च्या दिल्ली दरबाराला आला होता. परत जाऊन त्याने चक्क हिंदुस्थानी धाटणीचा वाडा बांधला. 1959 मध्ये साओफांनी राज्याधिकार सोडले आणि 1991 मध्ये लष्करी राजवटीने तो वाडाही पाडला. इतकी सुंदर वास्तू कुणाला का खुपावी, कोण जाणे.

दरबारी थाट पाहायचा तर आता मार्च-एप्रिलमध्ये शान गावांत जावं, नाहीतर सीमेपलीकडे थायलंडच्या मे हाँग सोनला. पॉय सांग लोंग या सणात सात ते चौदा वर्षांच्या पोरांना श्रामणेराची, म्हणजे बालभिक्खूची, दीक्षा देतात. आधी डोकी भादरतात, मग पोरांना राजपुत्रासारखं नटवतात: रेशमी कपडे, दागिने, फुलांनी मढवलेला फेटा, ओठांना लाली, डोक्यावर सोनेरी छत्र. सिद्धार्थही घर सोडण्याआधी राजपुत्रच होता ना! या दिवसांत पोराचे पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत, म्हणून बाप-काका त्याला खांद्यावर घेऊन ढोलाच्या तालावर नाचत विहारापर्यंत नेतात. शेवटी सगळा साज उतरवून अंगावर भिक्खूचं चीवर. खर्च दांडगा असतो. गरिबाच्या पोराचा खर्च गावातलंच दुसरं घर हौसेने उचलतं. पुण्य दोघांच्याही पदरी.