वद्य पंचमीची भरती

आषाढ वद्य पंचमी. काकांनी तिथी पाहिली आणि मनातल्या मनात पाऊणपट केली: पाच गुणिले पाऊण, पावणेचार. म्हणजे पूर्ण भरती पहाटे पावणेचारच्या सुमारास, आणि त्याआधी सव्वासहा तास मोजले तर रात्री साडेनऊला पाणी तळाला. मुंबईच्या किनाऱ्यावर आणि खाड्यांमध्ये हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. वेळ थोडी इकडेतिकडे होते, पण फार चुकत नाही. पुतण्याच्या मोबाइलमध्ये भरती-ओहोटीचं अ‍ॅप आहे. त्याने वेळ पडताळून पाहिली आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवला. पाऊस संध्याकाळपासून थांबलेला नव्हता.

रात्री नऊला दोघे सीवूड्सजवळ पाम बीच रस्ता ओलांडून खाडीच्या बाजूला उतरले. सीवूड्स हे नाव नवं. रेल्वे स्थानकाच्या पाटीवर त्याला जोडून लिहिलेलं दारावे आणि शेजारचं करावे ही गावं त्याच्या कितीतरी आधीची. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई या नव्या शहरासाठी 95 गावांची जमीन घेतली गेली, त्यांतली ही गावं. जिथे आज उंच इमारती आहेत तिथे खाजणातली भातशेती होती, मिठागरं होती. शेती गेली, खाडी राहिली. करावे गावातल्या आगरी-कोळी घरांतून आजही जाळी आणि गळ निघतात ते पनवेलच्या खाडीकडेच.

काका साठीच्या पुढचे, नोकरीतून निवृत्त. पुतण्या एका कंपनीत पाळीवर काम करणारा, आठवड्याची सुट्टी खाडीवर घालवणारा. काकांकडे रीळ नाही. प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेलं तंगूस, त्याला शिसं आणि गळ, एवढंच. पुतण्याकडे कार्बनची दोन पुरुष उंचीची काठी, रीळ आणि कपाळावर बांधायची बॅटरी. दोघांत एक ताडपत्री, एक थर्मास, एक बादली. बादलीत जिवंत कोळंबी, वर ओलं गोणपाट.

बसायची जागा ठरलेली होती: एका मोठ्या नाल्याच्या तोंडापासून थोडी बाजूला, तिवरांच्या मुळ्या संपतात तिथल्या दगडांवर. ती जागा नेमकी का, हे समजायला शहराची रचना समजून घ्यावी लागते. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून सिडकोने डच पद्धतीवरून बेतलेली धारण तलावांची व्यवस्था केली. असे 11 तलाव आहेत. शहरातलं पावसाचं पाणी आधी या तलावांत येतं. भरती चढली की खाडीकडच्या झडपा पाण्याच्या दाबाने बंद होतात, पाऊस तलावात साठत राहतो. ओहोटी लागून खाडीची पातळी तलावाखाली गेली की झडपा उघडतात आणि तुंबलेलं पाणी एकदम बाहेर पडतं. शहर बुडू नये म्हणून केलेली ही सोय. पण त्या लोंढ्याबरोबर कोळंबी, बोयची पिल्लं, छोटी तिलापी असं सगळं खाडीत येऊन पडतं, आणि तोंडाशी एक मासा त्याची वाट पाहत असतो.

तो मासा जिताडा.

बंगालात हाच भेटकी, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. रायगडात जिताड्याचा मान इतका की खास पाहुणा आला तरच तो काढायचा. पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात शेतकरी पावसात खाडीतून त्याची बोटभर पिल्लं धरतात आणि घरालगतच्या तळ्यात वाढवतात. त्याचं आयुष्य खाऱ्या आणि गोड्या अशा दोन्ही पाण्यांत जातं. अंडी घालायला तो खाडीच्या मुखाकडे, खाऱ्या पाण्यात जातो. पावसाने खाडीचं पाणी मचूळ झालं की पिल्लं वर चढतात आणि खाजणात, ओढ्यात, भातखाचरात शिरतात. दुसरी नवलाची गोष्ट म्हणजे जिताडा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे खाडीतले थोराड जिताडे बहुतेक माद्याच. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने 1997 मध्ये जिताड्याचं बंदिस्त प्रजनन साधलं, तेव्हापासून बीज विकत मिळतं. तलावातले रोहू-कटला तर आणून सोडलेलेच असतात. पनवेल खाडीतला जिताडा मात्र कुणी सोडलेला नाही. तो स्वतःच्या वाटेने येतो.

साडेनऊला खाडी पार आत गेली होती. बॅटरीच्या उजेडात चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या. पाऊस थोडा हलका झाला तशी काकांनी आमिषाला सुरुवात केली. बादलीतून एक कोळंबी उचलली, ओल्या तळव्यावर घेतली. तिच्या डोक्यावर करवतीसारखा काटा असतो. त्याच्या मुळाशी, कवचातून एक काळपट ठिपका दिसतो. गळ त्या ठिपक्याच्या पुढून, काट्याखालून आरपार काढायचा. ठिपक्याला टोचलं तर कोळंबी जागीच मरते. नीट लावली तर पाण्यात तास-दोन तास पोहत राहते, आणि मेलेल्या कोळंबीकडे जिताडा सहसा ढुंकून पाहत नाही. काकांची बोटं जाड, नखांत चिखल, पण कोळंबीचा एक पायही मोडला नाही.

पुतण्याने गळाच्या वर दीड हाताचा जाड तंगूसचा तुकडा बांधला. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते. मासा डोकं झटकतो तेव्हा बारीक दोरी त्या कडेवर पडली की संपलं.

शिसंही त्या रात्री नेहमीच्या दुप्पट लावलं. त्याला कारण पाऊस. गोडं पाणी हलकं, खारं जड. मोठ्या पावसात खाडीवर लाल-गढूळ गोड्या पाण्याचा थर येतो आणि भरतीचं खारं पाणी त्याच्याखालून सरकतं. वरच्या थरात गवत, पिशव्या, थर्माकोल वाहत असतो. हलका गळ त्यातच अडकून राहतो. आमिष त्या थराखाली गेलं पाहिजे, तिथे टिकलं पाहिजे.

साडेअकरानंतर पाणी दगडांना लागलं. पुतण्याच्या काठीच्या टोकाला छोटी पितळी घंटी बांधलेली होती. वाऱ्याने ती किणकिणायची, पावसाच्या थेंबाने टिचकायची, आणि दर वेळी पुतण्या मान वळवायचा. काका वळत नव्हते. त्यांचं तंगूस तर्जनीवरून गेलेलं होतं.

रात्रभर पाण्याकाठी बसून माशाची वाट पाहणं हे जगभर चालतं. इंग्लंडमध्ये कार्पसाठी लोक तळ्याकाठी तंबू ठोकून दोन-दोन, तीन-तीन रात्री मुक्काम करतात. तिथल्या रिचर्ड वॉकर यांनी अंधारात मासा लागल्याचं कळावं म्हणून विजेवर वाजणारी सूचक घंटी तयार केली, आणि 1952 च्या सप्टेंबरमध्ये रेडमायर तळ्यावर 44 पौंडांचा, म्हणजे सुमारे 20 किलोंचा कार्प काढला. तो विक्रम कैक वर्षं टिकला. पण त्यांचं तळं स्थिर असतं. खाडीकाठी बसणाऱ्याला दर तासाला जागा, खोली आणि ओढ बदलत जाणाऱ्या पाण्याशी जमवून घ्यावं लागतं. भरती चढली की चार पावलं मागे सरकायचं, गळ जवळ टाकायचा. ओहोटीला उलट.

बाराच्या पुढे काकांच्या बोटाला बारीक ठोके जाणवू लागले. "चिवनी हाय," ते म्हणाले, आणि हलकेच ओढलं. तंगूसच्या टोकाला वीतभर चिवणी, मिशा हलवत, करकर आवाज करत. पावसाच्या सुरुवातीला चिवणी गाबोळीने भरलेली असते आणि आगरी-कोळी घरांत तिच्या कालवणाची वाट पाहिली जाते. पण तिच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे दातेरी असतात, बोटात घुसले तर तासन्‌तास ठणकतं. काकांनी तिला कापडात धरली, गळ काढला. दीड वाजेपर्यंत चार चिवण्या बादलीत पडल्या.

जून-जुलै हा यांत्रिक नौकांच्या मासेमारीबंदीचा काळ. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. बाजारात ताजी समुद्री मासळी कमी होते, ताटात सुकटी येते. या दोन महिन्यांत खाडीच्या चार चिवण्यांनाही घरात मोल असतं.

दोनच्या सुमारास उरणच्या दिशेला वीज चमकली. काकांनी काही न बोलता पुतण्याच्या काठीकडे बोट दाखवलं. कार्बनमधून वीज वाहते, आणि उघड्या किनाऱ्यावर उभी धरलेली ओली काठी म्हणजे विजेला दिलेलं आमंत्रण. पुतण्याने काठी दगडांवर आडवी ठेवली, दोघे तिथून दूर सरकले आणि ताडपत्री अंगावर घेऊन उकिडवे बसले. अर्धा तास मासेमारी बंद. पायांत गमबूट होते, तरी पोटरीवरची ओरखड्याची जखम पूर्ण भरली आहे ना, हे काकांनी पुन्हा पाहून घेतलं. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून, उंदरांच्या मुतातून लेप्टोची लागण होते. उघड्या जखमेने चिखलात उतरायचं नाही, हा नियम काका कडकपणे पाळतात.

पावणेचारला पाणी थांबलं. खरंच थांबलं. तासभर आत वाहत आलेलं एक नारळाचं सोडण दगडासमोर जागच्या जागी फिरत राहिलं. पलीकडे उलव्याचे दिवे पावसात विरघळल्यासारखे दिसत होते. पाऊण तास काहीही लागलं नाही. पुतण्याने गळ काढून बघितला, कोळंबी जिवंत होती. त्याने जागा बदलू का विचारलं.

"थांब बाला. झरप उघरूं दे."

साडेचारनंतर सोडण हलकेच बाहेरच्या बाजूला सरकू लागलं. पाच वाजायच्या आधी नाल्याकडून आवाज बदलला. आधी खळखळ, मग सलग घरघर. रात्रभर शहरात पडलेला पाऊस एकदम निघाला होता. तोंडाशी फेसाची रेघ उठली, आणि त्या रेघेच्या कडेला पाण्यावर कुणी तळवा आपटावा तसा आवाज झाला. थोड्या वेळाने पुन्हा. जिताडा भक्ष्य असा घेतो: तोंड झटक्यात उघडतो आणि पाण्यासकट ओढून घेतो, तो हा आवाज.

पुतण्याने नवी कोळंबी लावली. काठी हातात घेतली, फेसाच्या वरच्या अंगाला गळ टाकला आणि ओढीबरोबर वाहू दिला. दोनदा रिकामा आला. तिसऱ्यांदा दोरी मध्येच थबकली.

"घाय नको. गिलू दे."

पुतण्याने मनात तीन मोजले आणि काठी उचलली. रीळ किंचाळलं. मासा नाल्याच्या तोंडापासून सरळ खाडीत धावला, वीस-पंचवीस हात गेला आणि उसळून पाण्याबाहेर आला. बॅटरीचा झोत त्याच्यावर पडला तेव्हा क्षणभर फक्त डोळा दिसला, निखाऱ्यासारखा लाल. जिताड्याच्या डोळ्याच्या पाठीमागे उजेड परतवणारा थर असतो, म्हणून तो रात्री असा चमकतो. त्याच थरामुळे त्याला गढूळ अंधारात शिकार दिसते. मासा तिवरांच्या मुळ्यांकडे वळला. तिथे गेला असता तर दोरी गुंतली असती. पुतण्याने काठी आडवी करून त्याला बाजूने ओढलं. काका गुडघाभर पाण्यात उतरले, दगडाला एक हात धरून. दहा मिनिटांनी मासा कुशीवर आला. काकांनी कल्ल्याला हात लावला नाही. ओलं गोणपाट खाली सरकवून त्यात त्याला उचलला.

अडीच किलोच्या आसपास. पाठ हिरवट-करडी, पोट रुपेरी, नाकापासून कपाळापर्यंत खोलगट बाक. पाऊस आता भुरभुर उरला होता आणि बेलापूरच्या बाजूला उजाडत होतं. आणखी एक हातभरही नसलेला जिताडा लागला, तो पुतण्याने पाण्यातच गळ सोडवून जाऊ दिला. थोराड मादी लागली तरी सोडायची, असं दोघांचं ठरलेलं आहे.

सहाला त्यांनी सामान आवरलं. परतताना नाल्याच्या जाळीत अडकलेल्या पिशव्या आणि निर्माल्याचा एक गठ्ठा काकांनी काठीने बाहेर ओढून कचऱ्याच्या पेटीत टाकला. शहरातला एवढा कचरा एका माणसाच्या ओढण्याने हटत नाही, पण काका दर वेळी ओढतात. पाण्याच्या या वाटा तुंबल्या की काय होतं ते सीवूड्सने जवळून पाहिलं आहे. पलीकडच्या 30 एकरांच्या डीपीएस तळ्यात भरतीचं पाणी येणं अडलं, तळं आटत गेलं, शेवाळाने भरलं, आणि 2024 च्या एप्रिलमध्ये या परिसरात फ्लेमिंगो मेले तेव्हा सगळ्यांचं लक्ष पाण्याच्या त्या बुजलेल्या मार्गाकडे गेलं. 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तळं संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. फ्लेमिंगो गुलाबी असतात, दुरून दिसतात, म्हणून त्यांची बातमी झाली. जिताड्याचं बोटभर पिल्लू गढूळ पाण्यातून वर येतं, तेव्हा ते कुणालाच दिसत नाही. त्याला हवी ती तीच वाट: भरतीला आत जाणारी, ओहोटीला बाहेर येणारी. सीवूड्स-नेरुळमध्ये राहणाऱ्यांनी आपल्या सोसायटीमागचा नाला कुठल्या तलावात जातो, त्या तलावाची झडप कुठे आहे आणि ती नीट उघडते का, एवढं तरी पावसाळ्यात एकदा जाऊन पाहावं.

घरी पोहोचल्यावर काकांनी कॅलेंडर पाहिलं. उद्या षष्ठी. भरती साडेचारला.