सरासरीत न सापडणारं मूल

बुलढाणा जिल्ह्याचं हवामान कसं आहे, असं कुणी विचारलं तर जाणता माणूस आधी उलट विचारतो : घाटावरचं की घाटाखालचं? अजिंठ्याच्या डोंगररांगेने या १३ तालुक्यांची उभी वाटणी केली आहे. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. वरची हवा थंड, खालचा उन्हाळा भाजून काढणारा, आणि त्यातच खारपाणपट्ट्याचं मचूळ पाणी. दोन्हींची बेरीज करून दोनने भागलं तर येणारा आकडा गणिताने बरोबर असतो, पण तो ना चिखलीच्या शेतकऱ्याच्या कामाचा असतो, ना शेगावच्या.

माणसाच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांना ही अडचण फार जवळून माहीत आहे. शंभर मुलांवर एक पद्धत वापरली, दुसऱ्या शंभरांवर वापरली नाही आणि पहिल्या गटाची सरासरी वाढली, तर पद्धत चांगली ठरते. पण त्या शंभरांत काही मुलं खूप सुधारलेली असतात, काही जागच्या जागी राहिलेली असतात आणि काहींची तर घसरण झालेली असते. समोरच्या बाकावर बसलेलं मूल यांपैकी कोणतं, हे सरासरी सांगत नाही. शिक्षकाला आणि आईबापांना मात्र नेमकं तेवढंच हवं असतं.

म्हणून वर्तनशास्त्रात प्रयोगाची एक वेगळी रीत उभी राहिली. तिच्यात एकाच व्यक्तीवर प्रयोग होतो आणि तुलनाही तिच्याशीच होते : उपाय नसतानाची ती व्यक्ती आणि उपाय सुरू असतानाची तीच व्यक्ती. एकल-व्यक्ती प्रायोगिक अभिकल्प हे तिचं पुस्तकी नाव. रीत मात्र वही, पेन्सिल आणि घड्याळ एवढ्यावर चालू शकते.

तिचं सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीतल्या एका तिसरीच्या वर्गातलं आहे. १९६८ साली वर्तनाच्या उपयोजित अभ्यासाला वाहिलेलं एक नियतकालिक सुरू झालं आणि त्याच्या पहिल्या अंकातला पहिलाच लेख व्हान्स हॉल, डायन लुंड आणि डेलोरिस जॅक्सन यांचा होता. वस्ती गरिबांची होती. लेखात रॉबी या नावाने येणारा मुलगा वर्गात रबरबँड ताणून सोडायचा, खिशातल्या खेळण्यांशी चाळे करायचा, शेजाऱ्याशी बोलत हसत बसायचा, मिळालेलं दूध एकेक घोट करत संपवायचा. अशा मुलाबद्दल 'याचं लक्षच नसतं' असं म्हणून आपण मोकळे होतो. या संशोधकांनी मोजायला घेतलं. निरीक्षक वर्गात बसायचा आणि दर १० सेकंदांच्या तुकड्यात रॉबी अभ्यास करतोय की नाही याची खूण करायचा. काहीही न बदलता आधी नुसती मोजणी केली, तेव्हा तो फक्त २५ टक्के वेळ अभ्यासात असल्याचं दिसलं. त्याच कागदांवरून आणखीही एक गोष्ट कळली : बाईंचं जे लक्ष त्याला मिळत होतं, त्यातलं निम्म्याहून अधिक तो अभ्यास सोडून भलतं काही करत असताना मिळत होतं.

मग एकच बदल केला. रॉबी मिनिटभर सलग अभ्यास करत राहिला की निरीक्षक रंगीत कागदाचा तुकडा वर धरायचा. बाई त्याच्याजवळ जायच्या आणि चांगलं काम चाललंय असं दोन शब्दांत सांगायच्या. तो चाळे करू लागला की त्याच्याकडे बघायचं नाही. अभ्यासाचा वेळ सरासरी ७१ टक्क्यांवर गेला.

इथे बहुतेक लोक थांबले असते आणि आनंदाने अहवाल लिहून मोकळे झाले असते. पण या रीतीचा प्राण पुढच्या पावलात आहे. संशोधकांनी बाईंना कौतुक थांबवायला सांगितलं. रॉबीचा अभ्यास सुमारे ५० टक्क्यांवर घसरला. पुन्हा कौतुक सुरू केलं, तर तो पुन्हा ७० ते ८० टक्क्यांच्या पट्ट्यात गेला.

चांगलं चाललेलं मुद्दाम थांबवायचं कशाला? कारण पहिल्या वाढीला दहा कारणं असू शकतात. परीक्षा जवळ आली असेल, त्रास देणारा शेजारी आजारी पडला असेल, घरी बापाने दम दिला असेल, किंवा मूल आपसूकच चार दिवस शहाण्यासारखं वागलं असेल. पण उपाय दिला की रेषा वर, काढला की खाली, पुन्हा दिला की पुन्हा वर, असं घडलं तर योगायोगाला फारशी जागा उरत नाही. उपायाविना आणि उपायासह अशा आळीपाळीच्या टप्प्यांमुळे याला अ-ब-अ-ब रचना म्हणतात. 'अ' म्हणजे बेसलाइन, आहे तसं चालू देऊन केलेली मोजणी. आपल्याकडे सर्वांत जास्त चुकतं ते इथेच. मूल आणलं की लगेच उपाय सुरू होतो. आधी काय होतं ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं, आणि सहा महिन्यांनी 'फरक पडला' किंवा 'नाही पडला' हे प्रत्येक जण आपापल्या मनावरून सांगतो.

एका माणसावरचा प्रयोग ही गोष्ट जुनी आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून, स्वतःच विसरून, स्मरणशक्तीवरचं आपलं पुस्तक १८८५ साली छापलं. विसरण्याचा वेग दाखवणारी त्याची वक्ररेषा मानसशास्त्राच्या पुस्तकांत आजही असते. पुढे रोनाल्ड फिशर यांची संख्याशास्त्रीय पद्धत आली आणि गटांची, सरासरीची सत्ता सुरू झाली. ती पद्धत घडली इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतात, वाफे पाडून खतं आणि वाण तपासताना. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर कपाशी-सोयाबीनच्या चाचण्यांचे वाफे पाहिलेल्या वऱ्हाडातल्या माणसाला ती लगेच कळेल. शेतासाठी ती उत्तमच. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, याच फिशर यांनी १९३५ च्या पुस्तकात प्रयोगाचं मूळ तत्त्व समजावताना उदाहरण घेतलं ते एकाच बाईंचं. कपात आधी दूध घातलं की चहा, हे चवीवरून ओळखता येतं असा त्यांचा दावा होता. चार कप असे, चार कप तसे, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा तसा. नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर यायची शक्यता ७० त १. माणूस एक असला तरी पुरावा भक्कम असू शकतो, हे या उदाहरणातच होतं.

एकाच व्यक्तीच्या अभ्यासाची ही बाजू वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९३८ पासून लावून धरली, मरे सिडमन यांनी १९६० च्या ग्रंथात तिचे नियम बांधून दिले आणि साठच्या दशकात ती प्रयोगशाळेतून शाळा, बालवाड्या, रुग्णालयांत उतरली.

मात्र रॉबीच्या वर्गात केला तसा उपाय मधेच काढून घेण्याची परवानगी प्रत्येक ठिकाणी नसते. याचं भान देणारी घटना बुलढाणा जिल्ह्यात अगदी अलीकडे घडली. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत बायका-पुरुषांचे, पोरांचे केस अचानक गळू लागले. डोकं खाजवायचं आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचं. पाण्यावर संशय गेला, बुरशीवर गेला, आयसीएमआरची पथकं येऊन नमुने घेऊन गेली. विंचूदंशावरच्या उपचारांसाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नमुने तपासून निष्कर्ष मांडला की रुग्णांच्या शरीरात सेलेनियम कित्येक पट वाढलेलं आहे आणि ते रेशनच्या गव्हातून आलेलं आहे. तो गहू थांबल्यावर काही आठवड्यांत काहींच्या डोक्यावर पुन्हा केस दिसू लागले.

हा कुणी रचलेला प्रयोग नव्हता आणि विषय वर्तनाचाही नव्हता. पण विचाराची वाट तीच आहे. गहू येण्याआधी केस होते, आल्यावर गेले, थांबल्यावर उगवू लागले. खात्रीसाठी आणखी एक पाऊल हवं असेल तर तोच गहू पुन्हा खाऊ घालावा लागेल, आणि ते पाऊल कुणीही, कधीही टाकता कामा नये. डोकं भिंतीवर आपटून घेणाऱ्या मुलाचं आपटणं एखाद्या उपायाने थांबलं असेल, तर केवळ पुराव्यासाठी तो उपाय काढून घेणं तितकंच अमानुष आहे. शिवाय काही गोष्टी काढून घेताच येत नाहीत. बाराखडी वाचायला शिकलेलं मूल शिकवणं थांबवलं म्हणून दुसऱ्या दिवशी निरक्षर होत नाही.

अशा वेळी वापरायची रचना वेगळी आहे, आणि ग्रामीण शाळेला तीच जास्त सोयीची आहे. समजा, मेहकर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत बौद्धिक अक्षमता असलेलं नऊ वर्षांचं एक मूल आहे. त्याला जेवणाआधी हात धुणं, स्वतःची चप्पल जागेवर ठेवणं आणि दप्तर भरणं या तीन गोष्टी शिकवायच्या आहेत. तिन्हींची मोजणी पहिल्या दिवसापासून सुरू करायची, पण शिकवणं एकदम नाही. आधी फक्त हात धुण्याचं शिकवायचं. त्याची रेषा चढली आणि बाकी दोन सपाट राहिल्या, तर मग चप्पल. ती चढली की दप्तर. प्रत्येक रेषा शिकवणं सुरू झाल्यावरच चढत असेल आणि आधी हलत नसेल, तर श्रेय शिकवण्याला देता येतं. मूल मोठं होत गेलं, शाळेला रुळलं, या कारणांनी तिन्ही रेषा एकदमच चढल्या असत्या. तीन कौशल्यांऐवजी तीन मुलं घेतली किंवा वर्ग, घर, मैदान अशी तीन ठिकाणं घेतली तरी चालतं. या बहु-बेसलाइन रचनेत कुणाचं काही हिरावून घ्यावं लागत नाही. मात्र शेवटच्या कौशल्याची किंवा मुलाची पाळी येईपर्यंत थांबावं लागतं, आणि ती किंमत खरी आहे.

वैद्यकशास्त्रानेही ही रीत उचलली. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या गॉर्डन गायट आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली दमा आटोक्यात न येणाऱ्या एका रुग्णाला औषध आणि औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी आळीपाळीने दिली. केव्हा काय दिलं ते रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि त्याच्या डॉक्टरांनाही. थिओफिलिन या त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या औषधाने त्याला उलट त्रास होत होता, असं निघालं. ते औषध इतरांना लागू पडतही असेल, या रुग्णाला मात्र नको होतं.

भारतात या विचाराचं देशी साहित्य सिकंदराबादच्या, बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेतून आलं. रीता पेशावरिया आणि एस. व्यंकटेशन यांनी १९९२ साली बौद्धिक अक्षमता असलेल्या भारतीय मुलांसाठी वर्तन-मापन श्रेणी तयार केली. मुलाला कोणती कामं जमतात आणि कोणतं वागणं त्रासाचं ठरतं, याची नोंद तीत प्रत्येक मुलागणिक होते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ ने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, त्यांत स्वमग्नताही आली. समग्र शिक्षा अभियानात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक शाळाशाळांत फिरतात आणि प्रत्येक मुलाची वैयक्तिक शैक्षणिक योजना असणं अपेक्षित असतं. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार होती. एवढ्या पसाऱ्यात बालमानसतज्ज्ञाकडे जाणं म्हणजे अनेक कुटुंबांसाठी परगावची खेप आणि बुडालेली मजुरी. अशा ठिकाणी रोजच्या रोज मोजणी करू शकणारा शिक्षक हीच त्या मुलाची प्रयोगशाळा आहे, आणि तिला पैशापेक्षा सवड आणि शिस्त लागते.

अडचणी मात्र पुस्तकात नाहीत अशा येतात. दिवाळीनंतर आईबाप मजुरीसाठी बाहेर गेले की मूलही जातं आणि बेसलाइन मधेच तुटते. फिरत्या शिक्षकाच्या दोन भेटींत बरेच दिवस गेलेले असतात, त्यामुळे टिंबं इतकी विरळ पडतात की रेषा काढता येत नाही. अमेरिकेत २०१० साली ठरलेल्या निकषांप्रमाणे प्रत्येक टप्प्यात किमान तीन आणि खरं तर पाच नोंदी लागतात आणि उपायाचा परिणाम वेगवेगळ्या तीन वेळांना दिसावा लागतो. त्यामुळे नोंद वर्गशिक्षकानेच करायची, फिरत्या शिक्षकाने रचना ठरवायची आणि आलेख वाचायचा, अशी कामाची वाटणी करावी लागेल.

एका मुलावरून सगळ्यांबद्दल कसं बोलायचं, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर या रीतीचं उत्तर मोठ्या सरासरीचं नाही, पुनरावृत्तीचं आहे. विशेष शिक्षणात एक ढोबळ कसोटी वापरतात : किमान ५ अभ्यास, ३ वेगवेगळे संशोधक गट आणि मिळून २० मुलं. इतकं जमलं की ती पद्धत पुराव्यावर उभी आहे असं मानतात. वीस मुलं म्हणजे एखाद्या तालुक्यातल्या विशेष शिक्षकांनी मिळून सहज गाठावी अशी संख्या.

राहिली मोजणाऱ्याच्या नजरेची गोष्ट. आपण केलेल्या कष्टांना फळ आलेलं दिसावं, असं प्रत्येक शिक्षकाला वाटतं आणि पेन्सिल त्या बाजूला झुकते. म्हणून निदान पाचातल्या एका सत्रात दुसऱ्या कुणी तरी, पहिल्याच्या नोंदी न बघता, स्वतंत्र मोजणी करायची आणि दोघांच्या नोंदी ८० टक्क्यांहून अधिक जुळल्या तरच त्या धरायच्या. दुसरी व्यक्ती तज्ज्ञ असायलाच हवी असं नाही. काय मोजायचं हे स्पष्ट ठरलेलं असेल, तर सहकारी शिक्षक, शाळेतली मदतनीस ताई किंवा त्या मुलाची आईसुद्धा दुसरी वही घेऊन बसू शकते.