डिझेल ट्रॅक्टरमधील इंधन अंतःक्षेपणाची कालनिश्चिती

डिझेल ट्रॅक्टरच्या सिलिंडरमध्ये इंधनाचा फवारा नेमक्या कोणत्या क्षणी सुरू व्हावा, हे ठरवून पंप त्यानुसार बसविण्याच्या क्रियेस इंधन अंतःक्षेपणाची कालनिश्चिती असे म्हणतात. बोलीभाषेत तिला 'पंपाचे टायमिंग लावणे' म्हणतात. पेट्रोल अथवा रॉकेलवर चालणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये ठिणगीची वेळ मॅग्नेटो किंवा डिस्ट्रिब्युटर फिरवून पुढे-मागे केली जाते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबामुळे तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटते, म्हणून तेथे हेच कार्य इंधनपंपाच्या वेळेवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

भारतात शेतीसाठी प्रामुख्याने डिझेल ट्रॅक्टर वापरले जातात. आयशरचा भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर १९५९ मध्ये फरिदाबाद येथे तयार झाला. त्यानंतर महिंद्रा बी-२७५, मॅसी फर्ग्युसन, एचएमटी झेटर व स्वराज ही नावे ग्रामीण भागात रूढ झाली. एचएमटीने २०१६ मध्ये ट्रॅक्टरनिर्मिती थांबविली, तरी तिचे जुने ट्रॅक्टर शेतांत टिकून राहिले.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची मोठी संख्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे स्थलांतर करते. ट्रॅक्टर-ट्रॉली हे या हंगामातील वाहतुकीचे एक प्रमुख साधन आहे. गाळप हंगामात ट्रॅक्टर बंद पडल्यास उसाची वाहतूक थांबते, तोडलेल्या उसाचे वजन घटते आणि ट्रॅक्टरमालकाबरोबर टोळीच्या मजुरीवरही परिणाम होतो. बालाघाटातील घाटरस्त्यांवर भरलेल्या ट्रॉल्या ओढताना इंजिनावर पूर्ण भार येत असल्याने टायमिंगमधील लहानसा दोषही तेथे लगेच जाणवतो.

तत्त्व

फवारा सुरू होणे आणि इंधन पेटणे यांत अत्यल्प काळ जातो. त्यास प्रज्वलन-विलंब म्हणतात. इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असताना क्रँकशाफ्ट १ मिलिसेकंदात ९ अंश फिरतो. त्यामुळे पिस्टन सर्वोच्च बिंदूस (टीडीसी) पोहोचण्यापूर्वीच फवारा सुरू करावा लागतो. या अंशात्मक अंतरास अग्रिमता म्हणतात. जुन्या ट्रॅक्टरमध्ये ती बहुधा १५ ते ३० अंशांच्या दरम्यान असते. तथापि प्रत्येक इंजिनाचा आकडा वेगळा असून तो निर्मात्याच्या पुस्तिकेतूनच घ्यावा लागतो.

चुकीच्या टायमिंगची लक्षणे

* फवारा फार लवकर झाल्यास: इंजिन कर्कश ठोकते आणि चालू करताना उलटा झटका देते. सिलिंडरमधील दाब वाढून हेड गॅस्केट, रिंगा व बेअरिंग यांवर ताण येतो.
* फवारा उशिरा झाल्यास: ओढ कमी होते, डिझेल जास्त लागते, इंजिन तापते व भाराखाली काळा धूर येतो. थंड इंजिनातून पांढरा धूर निघतो.

काळा धूर हे केवळ टायमिंगचे लक्षण नव्हे. धुळीने भरलेला एअर क्लीनर किंवा खराब नोझल यांमुळेही तो येतो. ओढ कमी होण्यामागे तुंबलेला डिझेल फिल्टरही असू शकतो. म्हणून पंपास हात लावण्यापूर्वी हे तिन्ही भाग तपासावे लागतात. टायमिंग सहसा आपोआप फारसे बदलत नाही. पंप काढून पुन्हा बसविताना झालेली चूक, टायमिंग गिअरचा एखादा दात पुढे-मागे बसणे, फ्लँजचे बोल्ट ढिले होणे किंवा प्लंजर व कॅमची झीज ही त्याची नेहमीची कारणे होत.

तपासणीची पद्धत

इनलाइन पंपासाठी 'गळती पद्धत' वापरली जाते.

# पहिल्या सिलिंडरचा दाबाचा फेरा शोधला जातो. या वेळी त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात व रॉकरमध्ये किंचित ढिलाई जाणवते.
# पंपाच्या पहिल्या एलिमेंटवरील नळी काढून डिलिव्हरी व्हॉल्व्ह व स्प्रिंग बाहेर काढतात आणि होल्डरवर वाकडी नळी बसवितात.
# बंद करण्याची दांडी 'चालू' स्थितीत ठेवून डिझेल सोडतात. नळीतून धार वाहू लागते.
# इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने हळूहळू फिरवितात. धार थेंबांवर येऊन थांबते तो क्षण म्हणजे फवाऱ्याचा आरंभ होय.
# त्या वेळी फ्लायव्हील अथवा पुलीवरील खूण दर्शकासमोर आहे की नाही, हे पाहिले जाते.

फ्लायव्हीलवर केवळ टीडीसीची खूण असल्यास परिघावरून अंश मोजता येतात. परीघ १,०८० मिलिमीटर असेल, तर ३ मिलिमीटर म्हणजे १ अंश होतो.

फरक आढळल्यास फ्लँजचे बोल्ट ढिले करून पंप थोडा फिरवितात. पंपाच्या शाफ्टच्या फिरण्याच्या उलट दिशेने पंप वळविल्यास फवारा लवकर होतो, त्याच दिशेने वळविल्यास उशिरा होतो. चार-स्ट्रोक इंजिनात पंप क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो, त्यामुळे पंपावरील १ अंश क्रँकवरील २ अंशांइतका असतो. नंतर बोल्ट आवळून तपासणी पुन्हा करतात. शेवटी व्हॉल्व्ह व स्प्रिंग बसवून इंधनमार्गातील हवा काढली जाते.

रोटरी पंपात ही पद्धत लागू होत नाही. तेथे पंपाच्या आतील खूण व फ्लँजवरील रेघ जुळविली जाते. त्यांपैकी काही पंपांत वेगानुसार अग्रिमता आपोआप बदलते.

दक्षता

काम सुरू करण्यापूर्वी गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढणे व चाकांखाली दगड लावणे आवश्यक असते. नोझलमधून निघणारा उच्च दाबाचा फवारा त्वचेत शिरून गंभीर इजा करू शकतो. अशा इजेत वरची जखम लहान दिसली, तरी तातडीने रुग्णालयात जावे लागते. पंपाचा आतील भाग व नोझलचा दाब यांची जुळवणी टेस्ट बेंचवरच होते. हे काम 'मेकॅनिक डिझेल' अभ्यासक्रम केलेल्या किंवा पंपाच्या कामाचा अनुभव असलेल्या कारागिराकडे सोपविले जाते.