मधुमेहींच्या पायांचा रक्तपुरवठा : निर्दोष आकड्यामागचे सत्य

व्यापारी कुटुंबांत मधुमेह आता परका राहिलेला नाही. घरोघरी साखर नियमाने मोजली जाते, तपासणीचे कागद जपून ठेवले जातात, डोळे आणि मूत्रपिंडे यांचीही विचारपूस होते. मात्र पायांत रक्त पुरेसे पोहोचते की नाही, हा प्रश्न बहुधा एखादी जखम चिघळल्यानंतरच विचारला जातो. तोवर पुष्कळदा उशीर झालेला असतो.

गुडघ्याच्या खाली तीन मुख्य धमन्या पोटरीतून पावलापर्यंत रक्त नेतात. मधुमेहाचा घाला विशेषतः या धमन्यांवर पडतो आणि त्या आतून अरुंद होत जातात. अशा विकारात एरवी चालताना पोटरीत गोळे येतात व थांबताच आराम पडतो. मधुमेही व्यक्ती मात्र अनेकदा या इशाऱ्यालाच मुकते. मज्जातंतू बोथट झाल्याने वेदना जाणवत नाही. शिवाय दिवसभर पेढीवर बसणाऱ्याचे वेदना व्हावी इतके चालणेही होत नाही. म्हणून ‘पाय दुखत नाहीत’ हा पाय निरोगी असल्याचा पुरावा ठरत नाही.

तपासणीचा आरंभ साधा आहे. दोन्ही पायांतील जोडे-मोजे काढून डॉक्टर त्वचेचा रंग, थंडपणा, बोटांमधील भेगा पाहतात. नंतर पावलाच्या वरच्या बाजूची आणि घोट्याच्या आतील हाडामागची अशा दोन नाड्या चाचपतात. नाडी न लागणे ही धोक्याची सूचना होय. परंतु ती लागली म्हणून विकार नाहीच, असे म्हणता येत नाही.

पुढची पायरी म्हणजे घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर. दंडाचा वरचा रक्तदाब १४० आणि घोट्याचा ११२ असेल, तर भागाकार ०.८ येतो. ०.९ किंवा त्याहून कमी उत्तर आल्यास धमन्या अरुंद झाल्या आहेत असे मानतात. तपासणी वेदनारहित आहे आणि थोड्या वेळात होते.

खरी मेख येथेच आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात धमनीच्या भिंतीच्या मधल्या थरात कॅल्शियम साचते. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ म्योंकेबर्ग यांनी १९०३ मध्ये या काठिण्याचे वर्णन केले होते. अशी कडक नळी रक्तदाबाच्या पट्ट्याने सहजी दाबली जात नाही. त्यामुळे घोट्याचा दाब आहे त्यापेक्षा अधिक दिसतो. वरील उदाहरणातच घोट्याचा दाब २१० भरला, तर उत्तर १.५ येईल. १.४ च्या वरचे उत्तर पाहून जाणकार सावध होतो. परंतु कधी कधी हे दोन दोष परस्परांना झाकतात आणि उत्तर नेमके १.१ असे निर्दोष येते. वहीचा ताळा जुळावा आणि गोदामात माल मात्र नसावा, तसाच हा प्रकार.

यावर उपाय आहे. पायाच्या बोटांतील बारीक धमन्या या काठिण्यातून बहुधा वाचलेल्या असतात. म्हणून अंगठ्याला छोटा पट्टा बांधून तेथील दाब मोजतात. वरच्याच उदाहरणात तो ७० आला, तर दंडाशी त्याचे गुणोत्तर ०.५ होते, ०.७ पेक्षा कमी उत्तर दोष दर्शवते. अंगठ्याचा दाब ३० च्या खाली गेल्यास जखम भरून येणे कठीण होते. जोडीला डॉप्लर यंत्राने प्रवाहाच्या लहरी तपासल्या जातात. निरोगी धमनीत प्रत्येक ठोक्याला सामान्यतः तीन टप्प्यांची लहर उमटते. अडथळ्यापुढे ती मंद व एकेरी होते. रंगीत डॉप्लर सोनोग्राफी अडथळ्याची जागा दाखवते. अँजिओग्राफी मुख्यतः शस्त्रक्रिया वा फुग्याचा उपचार विचाराधीन असतानाच करतात. त्यातील औषधाचा मूत्रपिंडांवर भार पडू शकतो, म्हणून त्यांची स्थिती आधी पाहावी लागते.

मधुमेहींनी वर्षातून किमान एकदा पायांची रीतसर तपासणी करून घ्यावी. मधुमेह जुना असेल, तंबाखूचे व्यसन असेल, किंवा पायावर जखम असेल, तर घोट्याच्या दाबावर समाधान न मानता अंगठ्याच्या दाबाविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. पायांतील हा विकार पुष्कळदा हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतील आजाराचीही खूण असतो. मंदिरात वा तीर्थयात्रेत अनवाणी चालणाऱ्या मधुमेहींच्या घरच्यांनी त्यांचे तळवे त्याच संध्याकाळी उजेडात पाहावेत. बोथट पायाला खडा रुतल्याचे कळत नाही, आणि रक्त न पोहोचणाऱ्या पायात तेवढी जखमही भरत नाही. बोट काळे पडणे, जखमेतून स्राव येणे, रात्री पाय दुखून तो खाली लोंबकळत ठेवल्यावरच बरे वाटणे, यांपैकी काही दिसल्यास घरगुती लेपात दिवस न घालवता त्वरित रुग्णालय गाठावे. वेळीच निदान झाले, तर अरुंद धमनी खुली करण्याचे उपाय आज उपलब्ध आहेत आणि पुष्कळांचा पाय त्यांनी वाचतो.