लहान मुलांना शहर दाखवताना



पळसदरीच्या फलाटावर उभे राहिले की रेल्वेच्या दोन वाटा फुटताना दिसतात. एक बोरघाट चढून खंडाळ्याकडे जाते, दुसरी केळवली, डोळवली, लौजी करीत खोपोलीला जाऊन थांबते. आणि खालच्या अंगाला कर्जत, कल्याण करीत मुंबई. अंतर म्हणाल तर शंभर किलोमीटरांच्या आसपास. पण आपल्या वाडीवरच्या सहा-सात वर्षांच्या पोराला विचारा. त्याला मुंबई म्हणजे परमुलूखच. तिथली गर्दी, रस्ते, माणसांची बोली, सगळेच नवे. तेव्हा अशा परमुलखात लहान मुलांना घेऊन जायचे तर बेत कसा आखावा, ते आज आपण पाहू. शाळेची सहल असो की घरची मंडळी असोत, हिशेब एकच आहे.

आधी माझीच फजिती सांगतो. पहिल्यांदा मी मुलांना मुंबईला नेले तेव्हा यादीत सात ठिकाणे होती. एवढ्या लांब जायचे, पैसे खर्चायचे, मग जमेल तेवढे सगळे दाखवावे, असा विचार. दिवसभर आमचा एकच घोष चालला होता, "चला, चला, उशीर होतोय." संध्याकाळी परतताना मधल्या एका स्थानकावर गाडी बदलली. फलाटावर मुले मोजली, तर एक मुलगी कमी! दमून ती खिडकीशी झोपली होती, आणि आम्ही सगळे उतरलो होतो. गाडीतल्या बायकांनी तिला पुढच्या स्थानकावर उतरवून पोलिसाच्या हवाली केले, म्हणून अर्ध्या तासात ती सापडली. तो अर्धा तास कसा गेला ते माझे मला ठाऊक. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले, "काय काय पाहिलंत रे?" बराच वेळ कोणी बोलेना. मग एक जण म्हणाला, "गुरुजी, आम्ही धावलो."

मंडळी, चूक त्या झोपलेल्या मुलीची नव्हती, गाडीचीही नव्हती. चूक माझ्या यादीची होती. तेव्हापासून मी एक नियम पाळतो. किती ठिकाणे पाहायची, ते आपल्या हौसेवर ठरवायचे नाही. बरोबरच्या सर्वांत लहान मुलाच्या पायांवर ठरवायचे.

हिशेब करून पाहा. पळसदरीहून मुंबईला पोचायला दोन तासांहून जास्त वेळ लागतो. यायला तितकाच. सकाळी सहा-साडेसहाला निघालात आणि दुपारी चारच्या आत परतीची गाडी धरायची म्हटले, तर हातात सात तास उरतात. त्यातले जेवण, पाणी, लघवी आणि इकडून तिकडे जाणे यांत तीन तास सहज जातात. राहिले चार. चार तासांत लहान मूल मन लावून दोनच गोष्टी पाहू शकते. तिसरी दाखवलीत तर पहिल्या दोन पुसल्या जातात. म्हणून सकाळी एक ठिकाण, दुपारी एक ठिकाण, आणि बस्स.

आता दिवस कोणता निवडायचा? पावसाळा सोडून द्यावा. रुळांवर पाणी आले की लोकल कुठे थांबेल याचा नेम नाही, आणि मुलांना घेऊन अडकणे हे मोठ्यांच्या अडकण्यासारखे नसते. मे महिन्याचे ऊनही नको. डिसेंबर-जानेवारीचे दिवस बरे. कामाच्या दिवशी सकाळच्या लोकलला बदलापूर, अंबरनाथ, डोंबिवलीची नोकरदार मंडळी चढतात. ठाण्यापर्यंत डब्यात पाय ठेवायला जागा राहत नाही. सुट्टीचा दिवस त्यामानाने सोपा. मात्र रविवारी रेल्वे दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक घेते. तो कोणत्या मार्गावर आणि किती वाजेपर्यंत आहे, ते आदल्या दिवशी वर्तमानपत्रात पाहून घ्यावे. आणि राणीचा बाग बुधवारी बंद असतो, हे विसरू नये. दाराशी जाऊन कुलूप पाहिलेल्या मुलांची तोंडे बघवत नाहीत.

गाडीची एक गोष्ट शहरातल्या माणसाला सांगावी लागत नाही, आपल्याला मात्र लागते. लोकलमध्ये संडास-मुतारी नसते. लांब पल्ल्याच्या गाडीसारखी सोय असेल, असे समजून पुष्कळ जण फसतात. खोपोलीहून थेट मुंबईला जाणाऱ्या लोकल मोजक्याच; बाकीच्या वेळी कर्जतला गाडी बदलावी लागते. तर कर्जतला सगळ्या मुलांना मोकळे करून आणावे आणि मगच पुढच्या गाडीत बसावे. थेट गाडी असेल, तर घरून निघतानाच ते काम उरकावे. कर्जतहून सुटणारी लोकल तिथेच रिकामी होते, म्हणून बसायला जागाही मिळते. उतरण्याआधी दोन स्थानके मुलांना दाराकडे सरकवावे. एक मोठा माणूस पुढे उतरेल, दुसरा सर्वांत शेवटी उतरेल, आणि शेवटच्याने बाकांवर नजर टाकूनच पाय खाली ठेवायचा. हे मी अनुभवाने शिकलो. पाच मुलांमागे एक मोठे माणूस हवेच. तिकिटाचे म्हणाल, तर पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट लागत नाही, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे.

आता नमुन्यादाखल एक दिवस आखू. सकाळी भायखळ्याला उतरावे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी धावली, तिच्या वाटेवरचे हे स्थानक. आणि पुढे तीनच वर्षांत, १८५६ साली, रूळ आपल्या खोपोलीपर्यंत आले. घाटातला मार्ग व्हायला १८६३ साल उजाडले. तोवर पुण्याचा उतारू खोपोलीला उतरून घाट डोलीने नाहीतर घोड्याने चढत असे. ही गोष्ट मुलांना आधी शाळेत सांगून ठेवली, की लोकलचा कंटाळवाणा प्रवासही पाहण्यासारखा होतो.

भायखळ्याहून राणीचा बाग चालत गाठता येतो. त्याचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. तिथे पेंग्विन आहेत. २०१६ साली ते दक्षिण कोरियातून आणले, आणि २०१७ पासून लोकांना पाहायला मिळू लागले. शिक्षक मंडळींनी एक प्रश्न आधी फळ्यावर लिहून ठेवावा, "पेंग्विन फक्त बर्फातच राहतो का?" मुले 'हो' म्हणतील. पण हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन दक्षिण अमेरिकेतल्या पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावरचे. तिथे बर्फ नाही. किनाऱ्यालगत समुद्रात थंड पाण्याचा मोठा प्रवाह वाहतो, म्हणून त्यांना तो प्रदेश मानवतो. मुंबईची हवा दमट आणि गरम, त्यामुळे त्यांच्यासाठी थंड खोली ठेवावी लागते. प्रश्न घेऊन गेलेले मूल काचेशी दहा मिनिटे उभे राहते. प्रश्नाशिवाय गेलेले दोन मिनिटांत "पुढे काय?" म्हणते.

बागेला लागूनच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, आणि त्याच्या आवारात एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. तो मुलांना जरूर दाखवावा, कारण तो आपल्याच जिल्ह्यातला. उरण तालुक्यातल्या घारापुरी बेटावरचा तो हत्ती. त्याच्यावरूनच परक्यांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ साली तो विलायतेला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना तो पडून फुटला आणि इथेच राहिला. पुढे १९१४ साली त्याचे तुकडे जोडून तो पुन्हा उभा केला. आपल्या मुलखाची वस्तू परक्या शहरात भेटली, की मुलाची भीड मोडते. त्या बागेत झाडेही पुष्कळ आहेत. आपली ठाकूरवाडी-कातकरवाडीवरची मुले झाडपाला आणि पाखरे ओळखण्यात शहरच्या मुलांना हार जात नाहीत. तिथे त्यांना पुढे करावे. "हे झाड आपल्याकडे आहे का? त्याला आपण काय म्हणतो?" असे विचारावे. एरवी वर्गात मागे बसणारे मूल त्या दिवशी गुरू होते.

घरचे डबे सोबत असावेत. भाकरी किंवा चपाती, कोरडी भाजी, शेंगदाण्याचा लाडू. दह्यादुधाचे पदार्थ नकोत. डबा कुठे उघडायची परवानगी आहे, ते दाराशीच विचारून घ्यावे. जेवणानंतर अर्धा तास सावलीत नुसते बसावे. हा वेळ वाया गेला असे समजू नये. सकाळी पाहिलेले मुलाच्या मनात याच वेळी मुरते.

दुपारी समुद्र. भायखळ्याहून लोकलने शेवटच्या स्थानकाला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जावे, आणि तिथून बेस्टच्या बसने गेटवे ऑफ इंडियाला. १९११ साली इंग्रज राजा इथे उतरला, त्याची आठवण म्हणून बांधलेली ही कमान १९२४ साली खुली झाली. आणि १९४८ साली, २८ फेब्रुवारीला, इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीखालून निघून गेली. ज्या दारातून राज्याचा थाट मिरवायचा, त्याच दारातून राज्याला निरोप मिळाला. हे मुलांना समजते, सांगून पाहा. मग बोट करून दाखवावे, "त्या पाण्यापलीकडे मांडवा आहे, घारापुरी आहे. पलीकडे आपलाच रायगड." होडीत बसायचा हट्ट होईल. तो पुढच्या खेपेवर ठेवावा.

आणि तिसरी गोष्ट फुकट मिळते, कारण परतीची गाडी धरायला तिथे जायचेच असते. ती म्हणजे खुद्द टर्मिनसची इमारत. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स नावाच्या स्थापत्यकाराने आखलेली. १८७८ साली काम सुरू झाले आणि ते दहा वर्षे चालले. २००४ साली तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आहे, दुसऱ्या बाजूला वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. भिंतींवर दगडात कोरलेली जनावरे आणि पाखरे आहेत, ती मोजायला लावावी. दमलेली मुलेही या खेळाला तयार होतात. परतीची गाडी इथेच धरावी. ती इथूनच सुटते, म्हणून मुलांना बसायला मिळते. मधल्या स्थानकावर संध्याकाळच्या गर्दीत मुले चढवण्याचे धाडस करू नये.

एक सूचना. जुन्या माणसांच्या यादीवर विसंबू नका. १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय आमच्या पिढीच्या प्रत्येक सहलीत असे. पण ती जुनी वास्तू बंद झाली आहे. निघण्याआधी प्रत्येक ठिकाणाची खात्री करून घ्यावी.

आता मूल चुकण्याबद्दल. हा विषय मुलांपासून लपवू नये. खेळ म्हणून शिकवावा. मूल चुकले तर त्याने जिथे आहे तिथेच उभे राहायचे, आपल्याला शोधत फिरायचे नाही. मोठे उतरले आणि मूल गाडीत राहिले, तर त्याने शेजारच्या बाईंना सांगून पुढच्याच स्थानकावर त्यांच्या मदतीने उतरायचे, आणि त्याच फलाटावर थांबायचे. घाईने चालत्या गाडीतून उडी कधीही मारायची नाही. मुलाच्या खिशात घरच्यांचा आणि शिक्षकांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी. निघताना सगळ्यांचा एक फोटो मोबाईलवर काढून ठेवावा. कोणी कोणते कपडे घातलेत, ते घाबरलेल्या माणसाला आठवत नाही. रेल्वेचा मदत क्रमांक १३९ आणि मुलांसाठीचा १०९८, हे दोन्ही मोठ्यांना पाठ हवेत.

आजकाल आपल्या भागातली मुलेसुद्धा नोकरीसाठी दुबईला, सिंगापूरला जातात, आणि कधी वहिनी पोरांना घेऊन तिकडे फिरायला निघतात. त्यांनाही हाच हिशेब लागू आहे. तिथे फक्त दोन गोष्टींची भर पडते. एक म्हणजे तान्ह्या मुलालाही स्वतःचा वेगळा पासपोर्ट लागतो, आणि लहान मुलाचा पासपोर्ट साधारण पाचच वर्षे चालतो, तेव्हा तारीख तपासावी. दुसरे घड्याळ. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे. तिथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेपाच झालेले असतात. मूल झोपणार कसे? आणि सकाळी उठणार कसे? म्हणून पहिल्या दिवशी काही ठरवू नये. जवळच्या बागेत खेळू द्यावे. शहर दुसऱ्या दिवशीही तिथेच असते.

शेवटी घरी आल्यावर. त्या रात्री मुलांना काही विचारू नका, झोपू द्या. दुसऱ्या दिवशी एक चित्र काढायला सांगा, किंवा आजीला एक गोष्ट सांगायला लावा. कोणी पेंग्विन सांगेल, कोणी फुटलेला हत्ती सांगेल. कोणी नुसती लोकलची खिडकी सांगेल, तेही चालेल. माझ्या दुसऱ्या सहलीनंतर एका मुलीने हत्ती काढला आणि त्याच्याशेजारी एक होडी काढली. मी विचारले, "ही होडी कशाला गं?" तर म्हणाली, "गुरुजी, त्याला परत घारापुरीला न्यायला."

सात ठिकाणांच्या यादीतून असले उत्तर मला कधी मिळाले नव्हते. तेव्हा मंडळी, यंदा सहलीचा कागद लिहायला बसाल तेव्हा आधी ठिकाणे लिहा, आणि मग त्यातली निम्मी खोडा. राम राम.