ब्रिगम यंग आणि त्याच्या हातगाड्या

मॉर्मन पंथाचे नाव काढले की आपल्याकडील वाचलेल्या माणसाला एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे बहुपत्नीत्व. या पंथाचा दुसरा अध्यक्ष ब्रिगम यंग याला पन्नासहून अधिक बायका होत्या हे खरे आहे. त्याविषयी पुढे बोलूच. परंतु आमचे आयुष्य वर्गणीच्या पावत्या फाडण्यात आणि द्वारसभा घेण्यात गेले. त्यामुळे आम्हाला या माणसाची दुसरी बाजू आधी दिसली. शाळेत आपण अवघे अकरा दिवस काढले असे जो स्वतःच सांगे, त्याने हजारो निर्धन माणसे समुद्र आणि डोंगर ओलांडून नेली कशी? आणि नेताना चुकले कुठे?

यंगचा जन्म १८०१ साली अमेरिकेतील व्हरमाँट संस्थानात झाला. अकरा भावंडांत हा नववा. चौदाव्या वर्षी आई क्षयाने गेली. पुढे तो सुतारकाम, रंगकाम आणि खिडक्यांना काचा बसविण्याचे काम शिकला. जोसेफ स्मिथने १८३० मध्ये स्थापन केलेल्या या नव्या पंथात तो १८३२ मध्ये शिरला. शेजारच्या वस्त्यांना हा पंथ रुचला नाही. हे लोक एकत्र राहत, जमिनी घेत आणि मतेही गठ्ठ्याने देत. १८३८ मध्ये मिसूरीच्या गव्हर्नराने, यांना हुसकून लावा नाहीतर नामशेष करा, असा लेखी हुकूमच काढला. स्मिथ तुरुंगात होता. तेव्हा भर हिवाळ्यात यंगने एक करारपत्र फिरविले. शेवटचा गरीब माणूस बाहेर पडेपर्यंत आपली चीजवस्तू सर्वांच्या कामी लावू, असा त्याचा आशय होता. त्यावर शेकडो सह्या झाल्या. ज्याने कधी लांबलेला संप चालविला आहे, त्याला त्या सह्यांचे मोल सांगावे लागणार नाही.

१८४० मध्ये यंग इंग्लंडला गेला. लँकेशायरमधील गिरणीकामगारांत आणि कारागिरांत पंथाला पुष्कळ अनुयायी मिळाले. उपाशी माणसाला नवी भूमी मिळणार असेल तर तो नवा धर्मही ऐकून घेतो, असे आम्हास वाटते. पण केवळ पोटासाठी कोणी इतके हाल सोसत नाही, हेही तितकेच खरे.

१८४४ मध्ये जमावाने स्मिथला तुरुंगात घुसून गोळ्या घातल्या. १८४६ मध्ये यंगने सारी वस्ती मिसिसिपी नदीपार काढली. शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर एकेक नायक नेमून तांडे बांधले आणि जुलै १८४७ मध्ये पहिली तुकडी सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरली. यंग स्वतः पोहोचण्याआधीच पुढे गेलेल्यांनी ओढ्याला बांध घालून कोरडी जमीन भिजवायला घेतली होती. ओढ्यांवर खाजगी मालकी नाही, पाट सर्वांनी मिळून खणायचे आणि पाणी पाळीने घ्यायचे, असा दंडक पडला. आपल्या दुष्काळी तालुक्यांतील शेतकऱ्याला ही पाणीपाळी नवी वाटणार नाही. ते खोरे ओसाड मात्र नव्हते. यूट आणि शोशोनी लोकांचे ते वावरण्याचे मुलूख होते. १८५० मध्ये यूटांवर सशस्त्र पथके गेली ती यंगच्या संमतीनेच.

१८४९ मध्ये त्याने स्थलांतरासाठी कायमचा निधी काढला. गरिबाला प्रवासखर्च उसना द्यायचा, त्याने वसल्यावर फेडायचा, म्हणजे त्यातून पुढचा गरीब येईल. योजना उत्तम, पण १८५५ मध्ये टोळधाडीने पिके गेली आणि निधी आटला. तेव्हा यंगने बैलगाड्यांऐवजी हातगाड्यांची कल्पना पुढे रेटली. पाच माणसांना एक गाडी, माणशी १७ पौंड सामान आणि आयोवापासून सुमारे तेराशे मैल चालणे. १८५६ मधल्या पहिल्या तुकड्या सुखरूप पोहोचल्या. शेवटच्या दोन, विली आणि मार्टिन यांच्या, उशिरा निघाल्या. त्यांच्या गाड्या घाईने, ओल्या लाकडाच्या केलेल्या होत्या. लाकूड वाळले की सांधे सुटतात, हे सुतारकामातल्या उमेदवारालाही ठाऊक असते.

ऑगस्टमध्ये फ्लॉरेन्स येथे, पुढे जावे की थांबावे, अशी सभा झाली. ब्रह्मदेशात प्रचार करून परतलेला लीव्हाय सॅव्हेज उभा राहिला. म्हातारी माणसे आणि पोरेबाळे घेऊन इतक्या उशिरा डोंगरात शिरणे म्हणजे मरणे आहे, असे त्याने स्पष्ट सांगितले. देव वाट मोकळी करील असे इतरांनी म्हटले, मत घेतले गेले, सॅव्हेज हरला. हरल्यावर, मीही तुमच्याबरोबर येतो, असे सांगून तो निघाला. ऑक्टोबरात हिमवादळ आले. सुमारे हजार माणसांपैकी दोनशेहून अधिक वाटेत मेली. बातमी कळताच यंगने भरसभेत इतर सारे कामकाज बाजूला सारून गाड्या, जनावरे, पीठ आणि पांघरुणे मागितली, आणि दोन दिवसांत मदत निघाली. याबाबत त्याला पूर्ण गुण दिले पाहिजेत. परंतु पुढे जाहीर भाषणात त्याने दोष टाकला तो वाटेवरच्या प्रतिनिधींवर. कल्पना कोणाची होती, हे साऱ्या सभेला माहीत होते. जेथे पुढाऱ्याचा शब्द देवाचा मानतात, तेथे सॅव्हेजसारखा माणूस बोलू शकतो, पण त्याचे बोलणे मोजले जात नाही.

दुसऱ्याच वर्षी, सप्टेंबर १८५७ मध्ये, माउंटन मेडोज येथे मॉर्मन शिबंदीने सुमारे १२० वाटसरूंची कत्तल केली. त्यांना जाऊ द्या, असे यंगचे पत्र पोहोचले ते कत्तलीनंतर. तरीही त्याच्याच जहाल भाषणांनी ती हवा तापली होती, हे नाकारता येत नाही. फाशी नव्हे, पण गोळी खावी लागली ती एकट्या जॉन ली याला, वीस वर्षांनी. कृष्णवर्णीयांना पुरोहितपद बंद केल्याचे यंगने १८५२ मध्ये जाहीर केले. ती बंदी १९७८ पर्यंत टिकली. बहुपत्नीत्वाची उघड घोषणाही १८५२ चीच. त्याच्या बायकांपैकी अ‍ॅन एलायझा हिने १८७३ मध्ये घटस्फोटाची फिर्याद लावली आणि गावोगाव व्याख्याने देत फिरली.

२९ ऑगस्ट १८७७ रोजी यंग वारला. आपली शवपेटी कोणत्या लाकडाची आणि केवढ्या जाडीच्या फळ्यांची करावी, हे त्याने चार वर्षे आधीच लिहून ठेवले होते. निधीच्या वह्यांत मात्र हजारोंची देणी तशीच राहिली होती. १८८० मध्ये त्याच्यामागून आलेल्या जॉन टेलरने गरिबांचे अर्धे कर्ज माफ केले, आणि १८८७ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा करून निधीच विसर्जित केला.