‘दहा किलोवाली’ मोटर दहा किलो उचलत नाही

लखनौच्या कैसरबागेत भातखंड्यांच्या नावाचं संगीत विद्यापीठ आहे. तिथून अमीनाबादकडे निघालं की लाटूश रोड लागतो. सरकारी कागदावर तो आता गौतम बुद्ध मार्ग आहे, पण बाजारात जुनंच नाव चालतं. अमीनाबाद म्हटलं की पाहुण्यांना टुंडे कबाबी आणि चिकनकारीचे कुर्ते आठवतात. ज्याला हाताने काही घडवायचं आहे त्याला मात्र पंप, वायरी, मोटर्स आणि हार्डवेअरची दुकानं असलेला हा शेजारचा रस्ता आठवतो. कॉम्प्युटरच्या सुट्या भागांसाठी थोडं पुढे लालबागेतलं नाझा मार्केट आहे. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जे काम होतं, ते लखनौत शिकायला आलेल्या मुलाला या पट्ट्यात करता येतं. छोट्या सर्व्हो, म्हणजे सांगितलेल्या कोनात थांबणाऱ्या मोटर्स, इथे मिळाल्या नाहीत, तर ऑनलाइन मागवता येतात.

अडचण सामान मिळण्याची नाही. चार-पाच हजार रुपयांत चालणारा रोबोट करायचा म्हणून मुलं बाहेर पडतात आणि मोटर दुकानाच्या काउंटरवर निवडतात. खरं तर ती पायाच्या लांबीने आणि रोबोटच्या वजनाने घरीच ठरलेली असायला हवी. ते न केल्यामुळे जे गैरसमज जन्माला येतात, त्यांत पैसे आणि उमेद दोन्ही जातात. म्हणून ते एकेक करून बघायला हवेत.

गैरसमज : दहा किलोची मोटर दहा किलो उचलते

‘दस किलोवाला सर्वो है,’ असं दुकानदार म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, अर्धं बोलत असतो. पूर्ण एकक आहे किलो-सेंटिमीटर. मोटरच्या दांड्यापासून एक सेंटिमीटरवर दहा किलो, पाच सेंटिमीटरवर दोन किलो, दहा सेंटिमीटरवर फक्त एक किलो. अंतर वाढेल तशी ताकद त्याच प्रमाणात कमी होते, आणि रोबोटच्या पायात हे अंतर तुम्हीच ठरवत असता.

उरलेला अर्धा भाग जास्त महत्त्वाचा. तो आकडा ‘स्टॉल टॉर्क’चा असतो, म्हणजे मोटर ज्या भाराला अडकून थांबते तो भार. एमजी996आर या लोकप्रिय सर्व्होच्या माहितीपत्रकात 4.8 व्होल्टला 9.4 आणि 6 व्होल्टला 11 किलो-सेंटिमीटर लिहिलेलं असतं. त्या टोकाला मोटर फिरत नाही. अडीच अँपिअरच्या आसपास करंट ओढते आणि सगळी वीज उष्णतेत घालवते. तिथे तिला काही सेकंदांपेक्षा जास्त ठेवलं तर ती जळण्याच्या वाटेला लागते.

चाकांच्या गाडीत हे फारसं जाणवत नाही. गाडी थांबली की मोटरही विसावते. पायांच्या रोबोटला विसावा नाही. तो नुसता उभा असला तरी मांडीची आणि गुडघ्याची मोटर वजन पेलत असते. म्हणून चालणाऱ्या रोबोटसाठी छापील आकड्याचा एक तृतीयांशच आपला धरावा. स्वस्त नकली मालात तर छापील आकडाही खरा नसतो.

आता हिशोब. समजा, चार पायांचा रोबोट बॅटरीसकट 1.2 किलोचा आहे आणि तो तिरक्या कोपऱ्यांतले दोन पाय एकदम उचलून चालतो. तेव्हा जमिनीवर दोनच पाय असतात, म्हणजे प्रत्येकावर 600 ग्रॅम. मांडी आडवी असेल आणि तिची लांबी 8 सेंटिमीटर असेल, तर मोटरवर 0.6 गुणिले 8, म्हणजे 4.8 किलो-सेंटिमीटर भार येतो. एमजी996आरच्या 4.8 व्होल्टच्या आकड्याच्या निम्म्याहून हे जास्त आहे. रोबोट उभा राहील, चार पावलं चालेलही, पण मोटर्स तापतील. तीच मांडी 5 सेंटिमीटरची केली की भार 3 वर येतो आणि तीच मोटर निभावून नेते. तीन सेंटिमीटर कापण्याचा खर्च शून्य.

हिशोबात धरायचं अंतर म्हणजे पायाची एकूण लांबी नाही. जमिनीला टेकलेलं पाऊल सांध्यापासून आडवं किती लांब आहे, ते बघायचं. पाऊल खुब्याच्या बरोबर खाली असेल तर खुब्याच्या मोटरवर भार जवळपास येतच नाही. पाय कोळ्यासारखे बाजूला पसरले की दिसायला छान दिसतं, पण मोटर्सना ते महागात पडतं.

सहा पायांच्या रोबोटमध्ये आणखी एक चकवा आहे. तीन पाय खाली, तीन वर अशी चाल असल्यामुळे प्रत्येक पायावर एक तृतीयांश वजन येईल, असं वाटतं. प्रत्यक्षात एका बाजूचे पुढचा-मागचा आणि दुसऱ्या बाजूचा एकटा मधला असे पाय टेकलेले असतात. त्या एकट्या पायावर जवळपास अर्धं वजन येतं. दीड किलोच्या रोबोटमध्ये मधल्या पायाने 750 ग्रॅम पेलायचे असतात. हिशोब त्याच पायाचा करावा.

गैरसमज : शंका असेल तर मोठी मोटर घ्यावी

मोठी मोटर जड असते, आणि तिचं वजन उचलायला तीच मोटर असते. एमजी996आर 55 ग्रॅमची. बारा घेतल्या की 660 ग्रॅम फक्त मोटर्सचे. ते पेलायला सांगाडा जाड, बॅटरी मोठी, मग पुन्हा मोटर अपुरी. एसजी90 ही निळी छोटी सर्व्हो 9 ग्रॅमची असते आणि तिचा आकडा 1.8 किलो-सेंटिमीटर असतो. बारा मिळून 108 ग्रॅम. एकूण रोबोट 400 ग्रॅमच्या आत ठेवला आणि मांडी 3 सेंटिमीटरची केली, तर दोन पायांवर उभं असताना मोटरवर 0.6 किलो-सेंटिमीटर येतं. नेमका एक तृतीयांश. शंभर-दीडशे रुपयांच्या मोटरवर रोबोट चालतो तो असा. पहिला रोबोट लहान करावा, हे माझं ठाम मत आहे.

‘स्टेपर अचूक असते, थ्रीडी प्रिंटरमध्येही तीच असते’ म्हणून नेमा 17 ही स्टेपर मोटर घेणारे याच भोवऱ्यात सापडतात. अचूकता खरी आहे. पण एक नेमा 17 साधारण 280 ग्रॅमची असते आणि तिची धरून ठेवण्याची ताकद चार-साडेचार किलो-सेंटिमीटरच्या घरात असते. बारा मोटर्सचं वजन सव्वातीन किलोवर जातं. शिवाय भार जास्त झाला की स्टेपर फिरण्याचे टप्पे चुकवते आणि तिला ते कळतही नाही, कारण दांडा कुठे आहे हे सांगणारं त्यात काही नसतं. प्रिंटरचा भार ठरलेला असतो. पायाचा भार प्रत्येक पावलाला बदलतो.

ड्रोनच्या ब्रशलेस मोटर्सचा मोहही समजण्यासारखा आहे. एमआयटीतल्या मिनी चीता या 9 किलोच्या रोबोटने 2019 मध्ये मागे कोलांटी मारून दाखवली, त्यात ब्रशलेस मोटर्सच होत्या. पण तो बनवणारे बेंजामिन कॅट्झ यांनी त्या मोटरमध्ये सहास एक प्रमाणाचा गियर बसवला, स्वतः कंट्रोलर बनवला आणि एका सांध्याचा खर्च सुमारे 300 डॉलरवर गेला. असे बारा सांधे. ड्रोनचा साधा ईएससी, म्हणजे वेग सांभाळणारा कंट्रोलर, मोटर वेगाने फिरवतो. तिला एका कोनात धरून ठेवणं त्याला जमत नाही.

गैरसमज : प्रत्येक पायाला तीन मोटर्स लागतातच

पैसे सर्वांत जास्त वाचतात ते इथे, आणि बहुतेकांचं लक्ष इथेच नसतं.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ‘स्टॉक’ नावाचा चार पायांचा रोबोट तयार झाला. 2019 च्या सुरुवातीला त्यावर शोधनिबंध आला. संशोधनासाठी बनलेल्या त्या रोबोटच्या एका पायाला दोनच सर्व्हो होत्या, एकूण आठ. पाय पाच दांड्यांच्या जोडणीचा, भाग थ्रीडी प्रिंट केलेले, मोटर्स बाजारात मिळणाऱ्या. संशोधकांना आठ पुरल्या, तर घरच्या प्रयोगाला बाराचा आग्रह धरायचं कारण उरत नाही. आठ सर्व्होंचा रोबोट पुढे-मागे नीट चालतो. वळताना एका बाजूची पावलं लहान टाकतो.

तीन सर्व्होंवर सहा पायही चालतात. एका बाजूचे पुढचा आणि मागचा पाय तारेने किंवा पट्टीने जोडून एका सर्व्होला द्यायचे, दुसऱ्या बाजूचे दुसऱ्या सर्व्होला. तिसरी सर्व्हो मधले दोन पाय डावी-उजवीकडे झुकवून शरीर आलटून पालटून उचलते. तीन एसजी90, जाड तार आणि नियंत्रणाला एक आर्डुइनो बोर्ड. चालणं म्हणजे काय, हे शिकायला यापेक्षा स्वस्त साधन मला माहीत नाही.

याहून जुनी वाट आहे दांड्यांची. रशियन गणितज्ञ चेबिशेव यांचं चालणारं यंत्र 1878 च्या पॅरिस प्रदर्शनात होतं. त्यात दांड्यांची जोडणीच फिरण्याचं पावलात रूपांतर करायची. नेदरलँड्सचे थिओ यान्सन 1990 पासून समुद्रकिनाऱ्यावर वाऱ्याने चालणारे सांगाडे याच तत्त्वावर बनवत आले आहेत. अशा रोबोटला कोनाचा हिशोब ठेवणारी सर्व्हो लागत नाही, साधी गियर मोटर पुरते. डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक. दांड्या फिरवणाऱ्या क्रँकचा एक फेरा म्हणजे एक पाऊल, त्यामुळे 30 ते 60 आरपीएम भरपूर होतात. दोन मोटर्स एकसारख्या वेगाने फिरल्या नाहीत तर रोबोट थोडा एका बाजूला वळतो, पडत नाही.

‘गियर मोटर चालणाऱ्या रोबोटला चालत नाही’ हा समज म्हणूनच अर्धवट आहे. एकेक सांधा वेगळा हलवायचा असेल, तर ती निरुपयोगी. क्रँकला मात्र तीच योग्य. भंगारात मिळणारी गाडीची वायपर मोटरही इथे कामाला येते. तिच्यातल्या वर्म गियरमुळे बाहेरून जोर दिला तरी ती उलटी फिरत नाही, म्हणजे वीज बंद असतानाही रोबोट उभा राहतो. पण ती किलोभराच्या आसपास वजनाची असते, तेव्हा चौकट लोखंडी अँगलची आणि रोबोट मोठा असेल तरच तिचा विचार करावा.

गैरसमज : मोटर्स आल्या, बजेट संपलं

इथून पुढचा खर्च विसरल्यामुळे अर्धे रोबोट टेबलावरच राहतात. मोटर हलली की आर्डुइनो बंद पडून पुन्हा सुरू होतो, पाय थरथरतात, मग ‘मोटर खराब आहे’ म्हणून दुकानाकडे धाव. बहुतेक वेळा मोटर चांगली असते, वीज अपुरी असते. आर्डुइनोच्या पाच व्होल्टच्या पिनवर यूएसबीमधून अर्ध्या अँपिअरच्या आसपास मिळतं. एक एमजी996आर अडकली तर अडीच मागते. आठ सर्व्हो चालू करताच एकदम आपापल्या जागी धावतात, तेव्हाची मागणी सर्वांत मोठी असते. व्होल्ट कमी करणारा एलएम2596चा छोटा निळा मॉड्यूल सगळे घेतात. त्याची कमाल मर्यादा तीन अँपिअर आहे.

नाझा मार्केटचा उपयोग इथे होतो. जुन्या कॉम्प्युटरचा एटीएक्स पॉवर सप्लाय पाच व्होल्टवर बहुधा पंधरा-वीस अँपिअर देतो. हिरवी वायर काळ्या वायरीला जोडली की तो सुरू होतो. त्याचा डबा मात्र उघडायचा नाही. आतले कपॅसिटर बंद केल्यावरही झटका देऊ शकतात. वायर लांब ठेवून रोबोट आधी याच्यावर चालवावा. बॅटरी शेवटी घ्यावी, खरा करंट किती लागतो ते मोजल्यावर.

बॅटरी घेतानाही व्होल्ट बघावेत. दोन लिथियम सेल 7.4 व्होल्टचे म्हणतात, पण पूर्ण भरल्यावर ते 8.4 असतात. एमजी996आरची मर्यादा 7.2 आहे. थेट जोडलेली सर्व्हो काही दिवस जोरात चालते आणि मग तिचं सर्किट जातं. मध्ये 6 व्होल्टचा, पुरेसे अँपिअर देणारा रेग्युलेटर हवाच. यूपीएसमधली 12 व्होल्ट 7 एएचची लेड बॅटरी स्वस्त पडते खरी, पण ती दोन किलोच्या वर असते. छोट्या रोबोटला ती उचलताच येणार नाही.

धातूच्या गियरबद्दल थोडंसं. ते दात तुटण्यापासून वाचवतात, मोटर जळण्यापासून नाही. एसजी90च्या जागी एमजी90एस घेणं शहाणपणाचं आहे, कारण पाय आपटल्यावर प्लॅस्टिकचे दात खरंच जातात. पण स्वस्त धातूच्या गियरमध्येही ढिलेपणा असतो. दोन अंशांचा ढिलेपणा 10 सेंटिमीटरच्या पायाच्या टोकाला साडेतीन मिलिमीटर होतो. याही कारणासाठी पाय आखूड बरा.

आणि ‘360’ लिहिलेली सर्व्हो जास्त फिरते म्हणून जास्त चांगली, असं समजून घेऊ नये. ती सतत फिरते. कोनात थांबत नाही. पायासाठी 180 किंवा 270 अंशांची घ्यावी.

हा सगळा हिशोब झाला की आधी मोटर एकच विकत आणावी. तिच्या दांड्याला पट्टी लावून 6 सेंटिमीटरवर अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली टांगावी. झाला 3 किलो-सेंटिमीटर भार. एमजी996आरला 6 व्होल्ट देऊन पट्टी आडवी धरायला लावावी आणि पाच मिनिटं थांबावं. पट्टी खाली झुकली नाही, मोटरवर बोट ठेवता आलं, तर ती पास. बोट ठेवता आलं नाही, तर पाय आखूड करा किंवा वजन कमी करा. पास झाली की आठ सर्व्होंच्या रोबोटसाठी उरलेल्या सात आणि वर दोन जादा, एकाच दुकानातून एकाच वेळी घ्याव्यात. वेगळ्या खेपेच्या सर्व्होंचा मधला कोन आणि वेग बरेचदा जुळत नाही, आणि दोन महिन्यांनी एक गेली तर तशीच दुसरी मिळेल याचा भरवसा नसतो.